सुसान्नाबाई वेस्ली व त्यांच्या घरची शाळा

जॉन वेस्ली हे नाव आपल्या मंडळ्यांत अपरिचित नाही. त्यांचे धाकटे बंधू चार्ल्स यांनी रचिलेल्या गीतांपैकी काहींची मराठी रूपांतरेही आपण उपासनेत गात आलो आहो. या दोघा बंधूंनी अठराव्या शतकात इंग्लंड देशास कसे जागे केले, याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. पण या मुलांनी पहिले अक्षर कोठे ओळखिले व ते त्यांस कोणी दाखविले, असे विचारिले तर उत्तर देणारे थोडेच निघतील. ते त्यांनी कोणत्याही शाळेत ओळखिले नाही. एका खेडेगावातील कर्जबाजारी पाळकाच्या घरी, एका खोलीत, आईच्या समोर बसून त्यांनी ते ओळखिले. आणि त्यांच्याच नव्हे, तर त्यांच्या सर्व भावंडांच्या शिक्षणाचा आरंभ तेथेच झाला. त्या आईचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

सुसान्नाबाईंचा जन्म लंडन शहरी ता. २० जानेवारी १६६९ रोजी झाला. त्यांचे वडील डॉक्टर साम्युएल ऍन्स्ली हे नावाजलेले उपदेशक होते. १६६२ सालच्या कायद्याने ठरविलेली प्रार्थनापद्धति पत्करावयास जे पाळक तयार झाले नाहीत व ज्यांस त्यापायी आपापल्या जागा सोडाव्या लागल्या, त्यांपैकी ते एक होते. सुसान्ना ही त्यांची पंचविसावी संतति, अशी गणना आहे. त्या काळी मुलींच्या शिक्षणाची सोय फारच थोडी असे. पण या घरी पुस्तके होती, विद्वान पाळकांची ये-जा होती, आणि मुलगी म्हणून तिला बोलण्यातून कोणी बाजूस सारीत नसे. तेरा वर्षांची होण्यापूर्वीच या मुलीने दोन्ही पक्षांच्या मतांचा आपल्या बुद्धीप्रमाणे विचार केला व वडिलांची मंडळी सोडून राजमान्य मंडळीत जाण्याचा निश्चय केला. ज्या मंडळीपायी बापाने आपली जागा गमाविली, तीतच लेक जाऊ लागली! तरी बापाने तिला अडविले नाही व त्याची माया तिळभरही उणी झाली नाही. मुलांची इच्छा लहानपणीच वाकविली पाहिजे असे पुढे ठामपणे म्हणणारी बाई अशा बापाची लेक होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१६८८ सालच्या नोव्हेंबरात साम्युएल वेस्ली या तरुणाशी त्यांचा विवाह झाला. हे गृहस्थ विद्वान होते, कवि होते, प्रामाणिक होते, पण पैशाचा हिशेब म्हणून त्यांस कधी जमला नाही. प्रथम साउथ ऑर्म्सबी या लहान खेड्यात व नंतर सन १६९७ च्या सुमारास लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या गावी ते पाळक म्हणून गेले. एपवर्थ हे दलदलीच्या मुलखातील गाव होते. राजकारणात पाळकाचे व गावकऱ्यांचे जुळत नसे, आणि गावकरी मनात आकस धरून असत. या घरात सुसान्नाबाईंस एकोणीस अपत्ये झाली असे सांगतात. त्यांपैकी नऊ तान्हेपणीच वारली. तीन मुलगे व सात मुली, अशी दहा वाढली.

या शाळेचे वर्णन करण्यापूर्वी ती कसल्या घरात भरत असे हे सांगितले पाहिजे. नाहीतर वाचकांस वाटेल की शांत, खाऊनपिऊन सुखी अशा घरातील हा प्रकार असावा. १७०५ साली परगण्याच्या निवडणुकीत पाळकाने विरुद्ध पक्षास मत दिले, म्हणून रात्री जमावाने घरासभोवती ढोल बडविले व बंदुका उडविल्या. त्या रात्री जागून थकलेली दाई पहाटे गाढ झोपी गेली, आणि तिच्या अंगाखाली तान्हे मूल चेंगरून मेले. त्यास पुरे दोन महिने लोटतात न लोटतात तोच तीसएक पौंडांच्या कर्जापायी वेस्लीसाहेबांस धरून लिंकन येथील तुरुंगात टाकण्यात आले. बाईंजवळ विकण्याजोगे बोटांतील अंगठ्यांवाचून काही नव्हते. त्या त्यांनी नवऱ्याकडे पाठविल्या. त्याने त्या परत पाठविल्या. घरातील मुले ज्या गाईंच्या दुधावर होती त्या गाईंस कोणी रात्री येऊन जखमी केले. यॉर्कचे मुख्य बिशप शार्प यांनी, तुम्हांस कधी भाकरीवाचून राहावे लागले काय, असे बाईंस विचारिले. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता, की खरोखर भाकरी मिळाली नाही असे कधी झाले नाही. पण ती मिळविण्यापूर्वी इतकी काळजी व मिळाल्यावर तिचे पैसे चुकविण्याची इतकी चिंता असे की खाताना तिची गोडी उरत नसे. बिशपसाहेबांनी पुष्कळ मदत केली व काही महिन्यांनी वेस्लीसाहेब सुटून आले. या सर्व काळात घरची शाळा चालू होती.

आता त्या शाळेकडे वळू. तिचा पाया मूल पाळण्यात असतानाच घातला जाई. निजणे, उठणे, कपडे बदलणे, या सर्वांस ठराविक वेळ असे. मूल जरा मोठे झाले की त्यास दिवसातून तीन वेळा खावयास मिळे. सकाळी चमच्याने खावयाची पेज असे. दुपारी वडील माणसांच्या मेजाजवळ एक लहानसे मेज व लहान खुर्च्या मांडून मुलांस बसवीत, म्हणजे आईचे लक्ष राही. हवे तितके खावे, पण अमुकच पाहिजे असे म्हणू नये. काही लागल्यास जवळ उभ्या असलेल्या चाकरणीच्या कानात हळूच सांगावे. मधल्या वेळी स्वयंपाकघरात शिरून चाकरांकडे खाऊ मागावयास बंदी होती. संध्याकाळी सहा वाजता कौटुंबिक प्रार्थना होऊन जेवण होई. सातच्या सुमारास चाकरीण धाकट्यापासून आरंभ करून एकेकाचे अंग धुई, आणि आठ वाजता सर्व मुले बिछान्यात असत. झोप लागेपर्यंत मुलाजवळ बसून राहण्याची चाल या घरी नव्हती.

मूल बोलू लागले की त्यास प्रथम प्रभूची प्रार्थना शिकवीत, व ते ती उठताना व निजताना म्हणे. गुडघे टेकावयास किंवा बोलावयास येण्यापूर्वीच जेवणाचा आशीर्वाद खुणेने मागावयास ते शिकलेले असे. रडून मागितलेली वस्तु कधीही मिळत नसे. नीट मागितलेली मिळे. अगदी हलक्या चाकरापाशी काही मागावयाचे असले तरी कृपा करून द्यावे असे म्हणूनच मागावे लागे. भावंडांनी एकमेकांस नुसत्या नावाने हाक मारू नये, नावास भाऊ किंवा बहीण हा शब्द जोडावा, असाही नियम होता. आपल्याकडे दादा, ताई म्हणतात त्यासारखेच हे झाले. ही चाल इंग्रजी घरात होती हे वाचून आम्हांस मौज वाटली.

पाच वर्षे पुरी होईपर्यंत कोणत्याही मुलास वाचावयास शिकवावयाचे नाही, असा सुसान्नाबाईंचा निश्चय होता. मुलाचा पाचवा वाढदिवस जवळ आला की आदल्या दिवशी सर्व घर आवरून ठेवीत, ज्याचे त्यास काम नेमून देत, आणि सकाळी नऊपासून बारापर्यंत व दुपारी दोनपासून पाचपर्यंत त्या खोलीत कोणीही पाऊल टाकू नये अशी सक्त ताकीद देत. घरात कितीही काम पडो, कोणीही पाहुणा येवो, हे सहा तास शाळेचे. दुसऱ्या दिवशी मूल आईसमोर बसे. सर्व मुळाक्षरे ओळखावयास एक दिवस दिलेला असे, आणि बहुतेक मुले तेवढ्यात ती ओळखीत. मॉली व नॅन्सी या दोघी मुलींस मात्र दीड दिवस लागला. आईने त्या वेळी त्यांस मंदबुद्धि ठरविले. पुढे इतरांची मुले फळीवर डकविलेली तीच अक्षरे किती दिवस घोकीत बसतात हे पाहिल्यावर आपले मत बदलले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे.

अक्षरे आली की दुसऱ्या दिवशी थेट पवित्र शास्त्र उघडावयाचे! बाराखडीचे पुस्तक नाही, चित्रांचे नाही. उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय काढून पहिले वचन एकेक अक्षर जुळवून वाचावयाचे, न अडखळता येईपर्यंत तेच पुनःपुन्हा वाचावयाचे, मग दुसरे वचन. असे करीत करीत एका धड्यास दहा वचने होत. धडा लहान असो की मोठा, तो पक्का झाल्यावाचून सोडावयाचा नाही हाच काय तो नियम. थोरला मुलगा साम्युएल जवळजवळ पाच वर्षांचा होईपर्यंत बोलतच नव्हता व घरची माणसे काळजीत होती. तो १६९५ च्या फेब्रुवारीत पाच वर्षांचा होताच दुसऱ्या दिवशी शिकावयास बसला, काही तासांतच त्याने अक्षरे ओळखिली, आणि पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत, म्हणजे तीन महिन्यांत, तो अध्याय उत्तम वाचू लागला. सुसान्नाबाईंचा हा पहिला विद्यार्थी. तेव्हापासून सुमारे वीस वर्षे ती खोली रिकामी राहिली नाही.

पाच वर्षांपूर्वी शिकवू नये हा निश्चय एकदाच मोडला, तो सर्वांत धाकट्या केझियाच्या बाबतीत. आईच्या इच्छेविरुद्ध तिला लवकर बसविण्यात आले. परिणाम असा झाला की इतरांस जितके महिने लागले होते त्याहून अधिक वर्षे तिला वाचन शिकावयास लागली. आपल्या गावांतून तिसऱ्या-चौथ्या वर्षीच मुलाच्या हाती पाटी देऊन त्याने लिहावे म्हणून उतावीळ होणारे आईबाप आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांनी केझियाची ही हकीकत वाचावी.

मुलींविषयी बाईंनी एक नियम केला होता, तो त्या काळी कोणास सुचला असता की नाही याची शंका आहे. चांगले वाचता आल्यावाचून कोणत्याही मुलीस शिवणकामास लावावयाचे नाही. मुलीच्या हाती सुई लवकर दिली की पुस्तक मागेच राहते, आणि त्यामुळेच ऐकणाऱ्यास समजेल असे वाचू शकणाऱ्या बायका इतक्या थोड्या, असे त्यांचे मत होते. वाचन आल्यावर मग शिवण. तेही तितकेच तास व तितक्याच मन लावून. यामुळे या घरच्या मुली मुलग्यांच्या मागे राहिल्या नाहीत. मेहेटाबेल, जिला घरी हेट्टी म्हणत, ती आठव्या वर्षी मूळ ग्रीक भाषेतून नवा करार वाचीत असे. तिला पुढे काय भोगावे लागले ते खाली येईलच.

घरात सर्वांच्या तोंडी असलेली एक गोष्ट अशी सांगतात की, एका मुलास आई तीच गोष्ट पुनःपुन्हा समजावीत असता वेस्लीसाहेब जवळ बसून मोजीत होते. वीस वेळा झाल्यावर त्यांनी तिच्या धीराचे नवल केले. त्यावर बाई म्हणाल्या की एकोणीस वेळा सांगून थांबले असते तर सगळीच मेहनत फुकट गेली असती, कारण विसाव्या वेळीच त्याला समजले.

या शाळेत छडी होती, हे आम्ही लपवीत नाही. मूल वर्षाचे झाले, कधी त्यापूर्वीही, की त्याने छडीस भ्यावे व रडावयाचे तर हळू रडावे, असे त्यास शिकविण्यात येई. इतकी मुले असून त्या घरात मुले आहेत की नाहीत असे वाटावे इतकी शांतता असे. मुलाची इच्छा प्रथम मोडावी, मग त्यास शिकवावे, असे सुसान्नाबाईंचे स्पष्ट मत होते, आणि याचे त्यांनी सविस्तर समर्थन केले आहे. या ठिकाणी आम्ही त्यांच्या मागे जाऊ शकत नाही. वर्षाच्या मुलास रडण्यावाचून दुसरी भाषा नसते. ते कशासाठी रडते हे आईने ओळखावे, त्याचा आवाज दाबू नये, असे आम्हांस वाटते. बाईंचे नाव सांगून आपल्या हातातील छडीचे समर्थन करणारे लोक आम्हांस भेटले आहेत. त्यांनी बाईंचे बाकीचे नियमही वाचावे. ज्या मुलाने आपली चूक सरळ कबूल केली व पुन्हा न करण्याचे वचन दिले त्यास मारावयाचे नाही. एका अपराधाबद्दल दोनदा शिक्षा करावयाची नाही, आणि एकदा क्षमा केल्यावर ती गोष्ट पुन्हा तोंडावाटे काढावयाची नाही. मुलाने चांगल्या हेतूने काही केले व ते बिघडले, तर हेतु पाहून ते गोड मानून घ्यावयाचे व पुढे कसे करावे ते मायेने दाखवावयाचे. एक दमडीची किंवा टाचणीएवढी वस्तु असली तरी ज्याची त्याचीच, दुसऱ्याने न विचारता घ्यावयाची नाही. दिलेले वचन पाळावयाचे. शिक्षेच्या भीतीनेच मुले खोटे बोलू लागतात हे त्यांनी पाहिले होते, म्हणून पहिला नियम केला होता. छडी उचलणारा हात कोठे थांबावा हे ज्यास शिकावयाचे आहे, त्याच्यासाठी हे नियम आहेत.

१७०९ सालच्या ९ फेब्रुवारीच्या रात्री एपवर्थच्या घरास आग लागली. गवताने शाकारलेले ते घर बघता बघता पेटले. वेस्लीसाहेब व चाकर मुलांस घेऊन बाहेर धावले. बाई त्या वेळी गरोदर होत्या. त्या ज्वालांतूनच बाहेर आल्या व त्यांचे हात व तोंड भाजले. बाहेर मोजू लागले तो जॉन नाही. पाच वर्षांचा तो मुलगा वर खिडकीशी उभा होता. शिडी आणावयास वेळ नव्हता. तेव्हा एका गावकऱ्याच्या खांद्यावर दुसरा चढला व त्याने मुलास ओढून काढिले. त्याच क्षणी छप्पर आत कोसळले. गावकरी या घरावर राग धरून होते हे वर सांगितलेच आहे. पण खांदा देणारेही गावकरीच होते.

घर, पुस्तके, कागदपत्रे, सर्व जळाले. मुलांस निरनिराळ्या घरी ठेवावे लागले, आणि वर्षभरात विटांचे नवे घर उठेपर्यंत ती तेथेच राहिली. परत आली तेव्हा आईने पाहिले की त्यांची भाषा बिघडली आहे, कसलीबसली गाणी तोंडी बसली आहेत, शाब्बाथाचा मान राहिला नाही, आणि उठण्याबसण्यास धरबंद नाही. वर्षानुवर्षांची मेहनत इतक्यात वाहून गेली होती. बाईंनी पुन्हा आरंभ केला. शाळा सुरू होताना व सुटताना, सकाळी व संध्याकाळी, स्तोत्र गाण्याची चाल तेव्हापासून पडली. पाच वाजता मोठ्या मुलाने सर्वांत धाकट्यास, त्याच्याखालच्याने त्याच्या वरच्यास, असे एकेकास घेऊन बाजूस जावे व त्यास त्या दिवसाची स्तोत्रे व नव्या कराराचा एक अध्याय वाचून दाखवावा. सकाळी जुन्या कराराचा. याप्रमाणे भावंडेच भावंडांचे शिक्षक झाली. पुस्तके जळाली होती, म्हणून प्रेषितांच्या मतांगीकारावर, दहा आज्ञांवर व प्रभूच्या प्रार्थनेवर बाईंनी स्वतः आपल्या मुलांसाठी लिहिले. त्यांतील काही लेखन पुढे छापले गेले.

आता जे सांगावयाचे आहे त्याचा संबंध आपल्या देशाशी आहे. १७०६ साली झीगेनबाल्ग व प्लुत्शाउ हे दोन मिशनरी डेन्मार्कच्या राजाच्या आज्ञेने दक्षिणेत तरंगंबाडी येथे उतरले. त्यांच्या कामाची हकीकत इंग्रजीत छापून निघाली होती. ते पुस्तक वडिलांच्या खोलीत थोरली मुलगी एमिलिया हिला सापडले, व तिने ते आईस वाचून दाखविले. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर, परक्या भाषेत लोकांशी बोलण्यासाठी धडपडणाऱ्या त्या दोघांची हकीकत ऐकून बाईंचे मन इतके भरून आले की कित्येक दिवस त्यांस दुसरे काही सुचेना. आपण पुरुष नाही, उपदेशक नाही, समुद्रापलीकडे जाऊ शकत नाही. पण जे आत्मे आपल्या घरातच आहेत त्यांच्यासाठी आपण करतो त्याहून अधिक करू शकू, असे त्यांच्या मनाने घेतले. शाळेत सर्वांशी मिळून बोलणे होते. एकेकाशी होत नाही. म्हणून त्यांनी संध्याकाळचा थोडा वेळ एकेका मुलास वाटून दिला. सोमवारी मॉली, मंगळवारी हेट्टी, बुधवारी नॅन्सी, गुरुवारी जॉन, शुक्रवारी पॅटी, शनिवारी चार्ल्स, आणि रविवारी एमिलिया व सूकी. त्या वेळात धडा नाही, घोकंपट्टी नाही. मूल व आई, दोघेच. त्याच्या मनात काय आहे, त्यास कशाची भीति वाटते, देवाविषयी ते काय समजते, हे त्याने सांगावे व आईने ऐकावे.

आमच्या मते त्या शाळेतील सर्वांत मोलाचा तास तो हाच. एका दिवसात अक्षरे शिकणे हे प्रत्येक मुलास साधेल असे नाही, आणि सहा तास दार बंद करून बसणे शेतमजुरी करणाऱ्या आईस शक्य नाही. पण आठवड्यातून एक संध्याकाळ एका मुलाची, ही गोष्ट चाकरनोकर नसलेल्या घरातही, चुलीपाशी बसूनदेखील होऊ शकते. सुसान्नाबाईंच्या हातची छडी त्या मुलांस पुढे आठवली असेल किंवा नसेल. गुरुवारची संध्याकाळ मात्र जॉन वेस्ली विसरले नाहीत. ऑक्सफर्ड येथे अध्यापक असता, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी आईस पत्र लिहून विनंती केली की पूर्वी गुरुवारी जो थोडा वेळ मला देत होता तो अजूनही माझ्यासाठी प्रार्थनेत द्यावा.

त्याच पुस्तकाचे दुसरे फळ गावास मिळाले. १७११-१२ च्या हिवाळ्यात वेस्लीसाहेब धर्मसभेसाठी लंडनास होते. रविवारी संध्याकाळी बाई आपल्या मुलांस व चाकरांस स्वयंपाकघरात जमवून प्रार्थना करीत व छापील उपदेश वाचून दाखवीत. एका चाकराने आपल्या आईबापांस सांगितले, त्यांनी येण्याची परवानगी मागितली, शेजारी आले, आणि होता होता दोनशेहून अधिक लोक जमू लागले. कित्येकांस जागेअभावी परत जावे लागे. साहाय्यक पाळकाने वेस्लीसाहेबांस तक्रार लिहिली. बाईने असे करणे शोभत नाही असे साहेबांस वाटले व त्यांनी बंद करण्याचे सुचविले. बाईंच्या उत्तराचा आशय असा, की तुम्हांस हे बंद व्हावे असे वाटत असेल तर नुसती इच्छा कळवू नका, स्पष्ट आज्ञा करा. म्हणजे न्यायाच्या दिवशी या लोकांचे भले करण्याची संधि सोडल्याचा दोष माझ्या माथी राहणार नाही. तशी आज्ञा साहेबांनी केली नाही.

साम्युएल १७०४ साली, जॉन १७१४ साली व चार्ल्स १७१६ साली लंडनच्या मोठ्या विद्यालयांत गेले, आणि तिघेही पुढे ऑक्सफर्डास पोहोचले. मुली घरी राहिल्या. येथे ही कथा कडू होते, पण ती सांगितलीच पाहिजे. भावांइतकीच तीक्ष्ण बुद्धि व भावांच्या तोडीचे वाचन असलेल्या त्या मुलींस त्या शिक्षणाचा उपयोग करावयास जगात जागा नव्हती. त्यांच्या वाट्यास गरिबी व बहुतेकींच्या वाट्यास वाईट विवाह आले. एमिलियाने शिक्षिकेचे काम करून घरास हातभार लाविला. पुढे तिच्या नवऱ्याने तिला कष्टांत टाकिले. सूकीचा नवरा पैसेवाला पण कठोर होता. मॉली लग्नानंतर वर्षभरातच बाळंतपणात वारली. पॅटीच्या, म्हणजे मार्थाच्या, नवऱ्याने तिच्याशी बेइमानी केली. सर्वांत हुशार व कविता करणारी हेट्टी एका माणसाबरोबर घरातून निघून गेली व फसली. तेव्हा १७२५ साली एका अडाणी, दारूबाज नळकाम करणाऱ्याशी तिचे लग्न लावण्यात आले. तिची मुले एकामागून एक वारली. क्षमेसाठी तिने बापास पत्रे लिहिली. पण बापाचे मन वळले नाही, आणि आईही त्या वेळी तिच्या बाजूस उभी राहिली नाही. जॉनने तिच्यासाठी आपल्या उपदेशातून दयेची बाजू मांडिली, त्याचाही बापास रागच आला. ज्या घरात कबूल केलेल्या अपराधास शिक्षा नसे व क्षमा केलेली गोष्ट पुन्हा तोंडी येत नसे, तेथे मोठ्या मुलीस हा नियम का लागू झाला नाही, हे आम्हांस समजत नाही.

१७३५ च्या एप्रिलात वेस्लीसाहेब वारले. घर पाळकाच्या जागेचे होते, ते सोडावे लागले. सुसान्नाबाई कधी एमिलियाकडे, कधी साम्युएलकडे, कधी मार्थाकडे अशा राहिल्या. शेवटी लंडन येथे तोफा ओतण्याच्या जुन्या कारखान्याची इमारत घेऊन जॉनने जे प्रार्थनागृह केले होते, तेथील खोल्यांत त्या येऊन राहिल्या. तेथेही त्यांचे शिकविणे संपले नव्हते. जॉन बाहेरगावी असता थॉमस मॅक्सफील्ड नावाच्या एका साध्या, दीक्षा न झालेल्या माणसाने उपदेश करावयास आरंभ केला. हे ऐकून जॉन रागाने परत आले. आईने सांगितले की तुझ्याइतकेच या तरुणासही देवाने बोलाविले आहे. आधी त्याचे ऐक, त्याच्या कामाचे फळ पाहा, मग ठरव. जॉनने ऐकिले, आणि साध्या माणसांनी उपदेश करण्याची वाट त्या मंडळीत मोकळी झाली.

१७४२ च्या जुलै महिन्यात त्यांचा अंतकाळ जवळ आला. जॉन व मुली बिछान्याभोवती होती. आपला प्राण जाताच मुलांनी देवाच्या स्तुतीचे स्तोत्र गावे, अशी त्यांनी इच्छा सांगितली होती. शाळा सुटताना स्तोत्र गाण्याची या मुलांस सवय होतीच. आईचे शेवटचे सांगणेही त्यांनी ऐकिले. ता. १ ऑगस्ट रोजी बनहिल फील्ड्स या दफनभूमीत मोठ्या समुदायासमक्ष जॉनने त्यांस मूठमाती दिली.

दहा वर्षांपूर्वी, २४ जुलै १७३२ रोजी, जॉनच्या आग्रहावरून बाईंनी आपल्या मुलांस कसे शिकविले याचे एक लांब पत्र त्यास लिहिले होते. लिहावयास त्या फारशा राजी नव्हत्या. आपल्या आयुष्याची उमेदीची वीस वर्षे खर्चून हे करावयास दुसरी कोणी तयार होईल असे त्यांस वाटत नव्हते. जॉनने ते पत्र जपून ठेविले होते. आपल्या छापील रोजनिशीत आईच्या दफनाची हकीकत लिहिल्यावर, तिच्याच पुढे त्याने ते पत्र छापिले, आणि वर सांगितलेली मुळाक्षरे, दहा वचने व दीड दिवस लागलेल्या दोघी मुली यांची माहिती आपल्यापर्यंत त्याच पत्रातून आली आहे.